पडद्यावरचे चार शब्द

मी लेखिका आहे असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कथा की कविता?" दोन्ही नाही. एखादे यंत्र किंवा संगणकप्रणाली कशी वापरायची, हे वापरणाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिणे हा माझा व्यवसाय. त्याला तांत्रिक लेखन म्हणतात. पूर्वी आम्ही जाडजूड माहितीपुस्तिका लिहीत असू. आता बराचसा मजकूर मोबाइलच्या पडद्यावर असतो आणि त्या कामाला 'यूएक्स रायटिंग' असे नाव मिळाले आहे.

अमेरिकेत १९४९ मध्ये 'बायनॅक' या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी पुस्तिका लिहिली. संगणकाच्या अगदी पहिल्या पुस्तिकांमध्ये ती गणली जाते. तिचे वाचक मूठभर तंत्रज्ञ होते. आज आमचा वाचक म्हणजे भाजीवाली, रिक्षावाला, पेन्शन पाहणारे आजोबा. तो आवडीने वाचत नाही; काम अडले की वाचतो, तेही घाईत.

एक साधे उदाहरण घ्या. पडद्यावर प्रश्न येतो, 'ऑर्डर रद्द करायची?' खाली दोन बटणे: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता 'रद्द करा' म्हणजे ऑर्डर रद्द, की रद्द करणेच रद्द? इंग्रजी शब्दांचा एकेक करून मराठी अनुवाद केला की असे होते. त्याऐवजी 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या' असे लिहिले, की प्रश्न न वाचताही उत्तर देता येते.

याहून गंभीर गोष्ट हवाई बेटांवर घडली. १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा तिथल्या लोकांच्या मोबाइलवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश मोबाइलवर यायला ३८ मिनिटे लागली. चौकशीत अनेक त्रुटी आढळल्या. त्यांतली एक शब्दांची होती. 'हा इशारा नक्की पाठवायचा आहे का?' हा प्रश्न सरावाला आणि खऱ्या इशाऱ्याला एकच होता. 'हा खरा इशारा आहे, तो सर्व नागरिकांना जाईल,' एवढे तरी तिथे हवे होते.

आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले. पैसे पाठवताना पिन लागतो, घेताना लागत नाही. हे ठाऊक नसलेल्यांना 'पैसे मिळतील, पिन टाका' असे सांगून ठगांनी लुबाडले. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. पिनच्या चौकटीवर 'तुमच्या खात्यातून पैसे जातील' हे ठळक दिसणे किती मोलाचे आहे, ते यावरून कळते.

आता संगणकच मजकूर लिहू लागला आहे. 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही या क्षेत्रातली जुनी अमेरिकी संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. मग या व्यवसायात यावे का, असे तरुण विचारतात. वाक्ये जुळवण्यापुरतेच यायचे असेल, तर येऊ नये. मात्र अभियंत्याला न लाजता पाच वेळा 'म्हणजे काय?' विचारता येत असेल, तर जरूर यावे. परीक्षा घरीच घेता येते. आपण लिहिलेल्या सूचना आजीच्या हाती द्याव्यात आणि गप्प बसून पाहावे. ती जिथे थांबेल, तिथले वाक्य बदलायचे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)