कोवळं वय, कठीण कोर्ट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी विम्बल्डनमध्ये जिंकली, की दुसऱ्या दिवशी तिचं छायाचित्र जगभरच्या पेपरांत झळकतं. आपण कौतुकाने म्हणतो, ‘एवढीशी पोर, पण काय खेळते!’ पण ही एवढीशी पोर त्या दिवसापासून एका व्यवसायात शिरलेली असते. तिची मिळकत, तिचा प्रवास, तिचं दुखणं, तिची शाळा, सगळ्यांचा हिशेब त्या व्यवसायाशी जोडला जातो. हा व्यवसाय कसा चालतो आणि त्याने एका मुलीचं काय केलं, ते आज पाहू.

व्यावसायिक टेनिसमध्ये महिन्याचा पगार नसतो. क्रिकेटपटूला मंडळाचा करार मिळतो, फुटबॉलपटूला क्लब पोसतो. टेनिसपटूला मात्र जिंकलेल्या सामन्यांवरच पैसे आणि गुण मिळतात. हे गुण बावन्न आठवडे टिकतात. म्हणजे गेल्या वर्षी याच स्पर्धेत तुम्ही उपांत्य फेरी गाठली असेल आणि यंदा पहिल्याच फेरीत हरलात, तर गेल्या वर्षीचे गुण गळून पडतात आणि क्रमांक घसरतो. जुनी कमाई टिकवण्यासाठी पुन्हा तेवढंच जिंकावं लागतं. जाहिरातींचे करारही बहुतेक वेळा या क्रमांकाकडेच पाहत असतात.

ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत १२८ जणी खेळतात. त्यांपैकी सुमारे १०४ जणींना क्रमांकावर थेट प्रवेश मिळतो, सोळा जणी पात्रता फेरीतून येतात आणि उरलेल्या आठ जागा आयोजक आपल्या मर्जीने देतात. म्हणून जगात शंभरावी आणि दोनशेवी यांच्यात खेळाचं अंतर थोडं असलं, तरी मिळकतीचं अंतर फार मोठं असतं. सर्वांत खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस पंधरा हजार डॉलर असतं, आणि ते एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षकाचा खर्च वजा केला, तर पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती काही उरत नाही. उलट घरचेच पैसे जातात. लवकर वर जाण्याची घाई सुरू होते ती इथूनच.

या घाईची सर्वांत बोलकी कहाणी अमेरिकेच्या जेनिफर कॅप्रियाटीची आहे. २९ मार्च १९७६ हा तिचा जन्मदिवस. मार्च १९९० मध्ये फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे ती पहिली व्यावसायिक स्पर्धा खेळली, तेव्हा चौदावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. कपडे-बूट आणि रॅकेट बनवणाऱ्या कंपन्यांशी लाखो डॉलरचे करार त्याआधीच झाले होते. शाळेच्या दप्तराबरोबर हे करारही तिच्या खांद्यावर आले. पण मुलगी कच्ची नव्हती. त्या पहिल्याच स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि गॅब्रिएला सबातिनीकडून हरली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली. ऑक्टोबरमध्ये जगातल्या पहिल्या दहांत आली. तेव्हा तिचं वय होतं चौदा.

पुढच्या वर्षी विम्बल्डनमध्ये तिने गतविजेत्या मार्टिना नवरातिलोवाला हरवून उपांत्य फेरी गाठली. अमेरिकन ओपनच्या उपांत्य सामन्यात मोनिका सेलेसविरुद्ध ती विजयाच्या उंबरठ्यावर होती. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये सामना निसटला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काय खुपणार? पण आतून काहीतरी तुटत चाललं होतं. १९९३ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती पहिल्याच फेरीत लैला मेस्खीकडून हरली आणि टेनिसपासून दूर गेली. वर्षाच्या अखेरीस एका दुकानातली स्वस्तातली अंगठी उचलल्याचा ठपका तिच्यावर आला. मे १९९४ मध्ये गांजा बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. अटकेच्या वेळी पोलिसांनी काढलेलं तिचं छायाचित्र जगभर छापून आलं. चार वर्षांपूर्वी तिला डोक्यावर घेणारेच आता तिच्या चुकांची यादी करत होते. अठराव्या वर्षी चूक करणाऱ्या मुली जगात पुष्कळ असतात. त्यांची चूक गल्लीत राहते. हिची मात्र सगळ्या जगाच्या दारी गेली.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. ट्रेसी ऑस्टिनने १९७९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, अमेरिकन ओपन जिंकली. विशी उलटताच पाठीच्या आणि इतर दुखापतींनी तिचा खेळ जवळजवळ संपवला. अँड्रिया येगर चौदाव्या वर्षी व्यावसायिक झाली, १९८१ मध्ये जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचली आणि खांद्याच्या दुखापतीने विशीच्या आसपास खेळातून बाहेर फेकली गेली.

या दुखापतींमागे शरीराचं साधं शास्त्र आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ थर असतात. हाड तिथूनच लांब होतं. वाढ पूर्ण होईपर्यंत ही जागा दुबळी असते. सर्व्हिस करताना खांदा, कोपर आणि पाठीचा कणा यांना रोज शेकडो वेळा तोच हिसका बसतो. सिमेंटसारख्या कठीण कोर्टावर धावताना, थांबताना, वळताना घोट्यांना आणि गुडघ्यांना हादरे बसतात. मोठ्या माणसाचं शरीर जे सोसतं, ते वाढतं शरीर सोसेलच असं नाही. त्यात विश्रांतीला सुट्टी नाही, कारण बावन्न आठवड्यांचं चक्र फिरतच असतं.

मनाचंही तसंच आहे. सोळाव्या वर्षी माणूस ‘मी कोण’ याचं उत्तर शोधत असतो. या मुलींना ते उत्तर दर सोमवारी क्रमवारीच्या तक्त्यात छापून मिळतं. बाप प्रशिक्षक असेल, तर हरल्यावर घरी जायचं कुणाकडे, हाही प्रश्न असतो. कुटुंबाचा खर्च मुलीच्या कमाईवर चालू लागला, की ‘मला थोडं थांबायचंय’ हे वाक्य तिच्या तोंडून निघणं फार अवघड होतं.

कॅप्रियाटीच्या उदाहरणाने महिला टेनिस संघटना जागी झाली. तज्ज्ञांची मतं घेऊन वयाचा नवा नियम ठरला आणि १९९५ पासून लागू झाला. चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत व्यावसायिक स्पर्धा बंद. त्यानंतर अठराव्या वर्षापर्यंत वर्षाकाठी किती स्पर्धा खेळायच्या याला मर्यादा, आणि वय वाढेल तशी ती मर्यादा पायरीपायरीने सैल. नवख्या मुलींना पैसा, प्रसिद्धी आणि प्रवास कसा हाताळायचा याचं मार्गदर्शनही त्यासोबत सुरू झालं. नियम पूर्ण लागू होण्याआधीच मार्टिना हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स ऑक्टोबर १९९४ मध्ये, चौदाव्या वर्षी, आत शिरल्या. व्हीनसच्या घरच्यांनी तिला सुरुवातीची वर्षं मोजक्याच स्पर्धा खेळू दिल्या. ती पंचेचाळिशीपर्यंत खेळताना दिसली. हिंगिस १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी जगात पहिली आली आणि घोट्यांच्या दुखापतींमुळे बावीसाव्या वर्षी तिला निवृत्ती जाहीर करावी लागली. ती पुन्हा परतली, ते नंतर.

नियमाचा उपयोग झाला का? पहिल्या दहा वर्षांच्या आढाव्यात असं दिसलं, की अगदी लवकर खेळ सोडणाऱ्या मुलींचं प्रमाण घटलं आणि कारकीर्दी लांबल्या. पण नियमाला आक्षेपही आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. स्पर्धा मोजक्याच मिळाल्या, की प्रत्येक स्पर्धेचं ओझं वाढतं. इथे हरलो तर पुढची संधी दूर, ही धास्ती राहते. शिवाय सामने कमी झाले, तरी सराव कुणी मोजत नाही. घरामागच्या कोर्टवर रोज सहा तास घाम गाळणाऱ्या मुलीपर्यंत कुठलाही नियम पोचत नाही. तिथे आई-बापांनाच पंच व्हावं लागतं.

अमेरिकेच्या कोको गॉफचं उदाहरण याच नियमाच्या काळातलं. २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी तिने विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत व्हीनसला हरवलं आणि चौथी फेरी गाठली. त्या वर्षी नियमामुळे तिला मोजूनमापून खेळावं लागलं. पुढे २०२३ मध्ये तिने अमेरिकन ओपन आणि २०२५ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली.

आपल्याकडे सानिया मिर्झा २००३ मध्ये व्यावसायिक झाली. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून महिला टूरवर एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. २००७ मध्ये ती एकेरीत सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. मग मनगटाने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली. सानियाने पुढे एकेरी सोडून सगळं लक्ष दुहेरीवर दिलं आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली आली. तिची जोडीदार कोण होती? तीच मार्टिना हिंगिस. शरीराने अडवलेल्या दोघींनी मिळून तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या. एक वाट बंद झाली म्हणजे खेळ संपला असं नसतं, हे त्या दोघींनी दाखवलं.

आणखी एक वाट आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेची. श्रीरामपूरची ही मुलगी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत विद्यापीठाकडून खेळली आणि नंतर व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. शिक्षणाचा आधार पाठीशी ठेवूनही पदकापर्यंत जाता येतं, हे आपल्या पालकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता राहिली कॅप्रियाटी. १९९६ मध्ये ती परतली, पण तीन वर्षं चाचपडण्यात गेली. १९९९ मध्ये स्ट्रासबर्गला सहा वर्षांनी पहिलं विजेतेपद मिळालं. जानेवारी २००१ मध्ये हिंगिसला हरवून तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. तिचं ते पहिलं ग्रँड स्लॅम, आणि तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. त्याच वर्षी पॅरिसमध्ये किम क्लाइस्टर्सविरुद्ध पहिला सेट १-६ असा गमावून तिने शेवटचा सेट १२-१० असा खेचून आणला. ऑक्टोबरमध्ये ती जगात पहिली आली. २००२ मध्ये मेलबर्नच्या रणरणत्या उन्हात चार मॅच पॉइंट वाचवून पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. २००४ नंतर खांद्याच्या दुखण्याने तिला खेळू दिलं नाही. २०१२ मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं.

या कहाणीत एक आकडा विसरू नये असा आहे. तेराव्या वर्षी कोर्टवर उतरलेल्या या मुलीची तिन्ही ग्रँड स्लॅम चोविसाव्या आणि पंचविसाव्या वर्षी आली. जी घाई तिच्या नावाने सगळ्यांनी केली, त्या घाईने यातलं एकही लवकर आणलं नाही. तुमच्या घरात पहाटे पाचला उठून किटबॅग भरणारी मुलगी असेल, तर तिची बॅकहँड कशी आहे हे प्रशिक्षक सांगेल. ती रात्री नीट झोपते का, तिचं कुठे दुखतं का, आणि ‘आज नको’ म्हणायची तिला मुभा आहे का, हे मात्र घरच्यांनाच विचारावं लागेल.