एका काडतुसाची बंदूक आणि नदीवरचे ते दिवस

माझी मुलगी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराबाहेरच्या एका वस्तीत राहते. गेल्या उन्हाळ्यात मी इंदूरहून तिच्याकडे तीन महिने गेले होते. एके दिवशी माझ्या दहा वर्षांच्या नातवाला त्याच्या मित्राच्या घरून बोलावणं आलं. शनिवारी मेरामेक नदीवर होडीतून फिरायचं, रात्री मित्राच्याच घरी राहायचं आणि रविवारी परत यायचं. नातू घरभर उड्या मारत होता.

मुलीने त्या मित्राच्या आईला फोन लावला. जेवणाचं विचारलं, लाइफ जॅकेटचं विचारलं. मग त्याच आवाजात म्हणाली, “तुमच्या घरी बंदूक आहे का? असेल तर ती कुलपात असते ना?”

मी चपापलेच. फोन ठेवल्यावर म्हटलं, “अगं, असं विचारतात का कुणाला? काय वाटलं असेल त्या बाईला?”

“आई, इथे विचारावं लागतं. तिला काही वाटलं नाही. म्हणाली, दोन आहेत आणि दोन्ही तिजोरीत असतात.”

माझं काही समाधान झालं नाही. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ झाडांना पाणी घालत होते. सत्तरी ओलांडलेले, बोलके आणि माझं मोडकंतोडकं इंग्रजी शांतपणे ऐकून घेणारे. त्यांना हा किस्सा सांगितला. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्या मुलीने बरोबर केलं. थांबा, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो.”

आमची सांगड, त्यांची होडी

ते आतून एक बंदूक घेऊन आले. अंगणात येताच आधी त्यांनी ती मधोमध मोडल्यासारखी उघडली, नळी आकाशाकडे धरून मला आरपार उजेड दाखवला आणि मगच बाकावर ठेवली. बंदूक रिकामी आहे हे समोरच्याला दाखवल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता.

ती बंदूक फार छोटी वाटत होती. एकाच नळीची, एकच काडतूस घेणारी. खिळ उघडायची, काडतूस घालायचं, बंद करायची, घोडा हाताने मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. दुसरा बार काढायचा तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझं बालपण सांगलीत कृष्णाकाठी गेलं. सुक्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून आम्ही पोहायला शिकलो. घाटावरून मुटके मारायचे, ओल्या कपड्यांनी घरी यायचं आणि आईची बोलणी खायची. त्यांचं बालपण मेरामेकच्या काठी गेलं. सपाट तळाची लाकडी होडी, गळाच्या काठ्या, डब्यात पाव आणि शरद ऋतू आला की ही बंदूक. १९६०च्या सुमारास तिथल्या खेड्यांत बारा-तेरा वर्षांच्या मुलाने होडीतून खारींच्या शिकारीला जाणं ही नवलाची गोष्ट नव्हती. होडी आवाज न करता प्रवाहाबरोबर वाहते, त्यामुळे काठावरच्या झाडांवरच्या खारींना चाहूल लागत नाही. मिळालेली खार रात्री रश्श्यात पडायची. त्या घरांत ते मांस गरजेचं होतं, केवळ मौजेचं नव्हतं.

मुलाच्या मापाची बंदूक

अशा एकनळी बंदुका अमेरिकेत लाखोंनी विकल्या गेल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, आयव्हर जॉन्सन, स्टीव्हन्स या कारखान्यांची नावं जुन्या पिढीला आजही पाठ आहेत. बंदूक स्वस्त, साधी आणि शेतकऱ्याच्या घरात दाराआड उभी. मुलांना बहुधा लहान बोअरची देत. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणतात ना, त्याचा हिशोब गमतीचा आहे. नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, की ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा लहान, म्हणून मुलांच्या खांद्याला सोसणारी.

पण बंदूक मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाची असते. शेजाऱ्यांच्या वडिलांनी खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता दोन इंच कापला आणि कापलेला तुकडा खोक्यात जपून ठेवला. मुलगा उंच झाला की तो स्क्रूने परत जोडायचा. मी बाकावरच्या बंदुकीकडे नीट पाहिलं. दस्त्यावर खरंच एक बारीक सांधा दिसत होता. आपण मुलीच्या परकराला जशी टीप घालून ठेवतो, तसंच हे.

गाळाने भरलेली नळी

“आणि नळी? तीही आखूड दिसते,” मी विचारलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग सांगू लागले. ते तेव्हा बारा वर्षांचे होते, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. ऑक्टोबरचा महिना. होडी वाळूत रुतली म्हणून दोघं काठावर उतरले. निसरड्या दरडीवर चढताना त्यांनी बंदुकीचा काठीसारखा आधार घेतला. नळीचं तोंड चिखलात गेलं. त्यांनी बाहेरून शर्टाने पुसलं, आत डोकावून पाहिलं नाही. थोड्या वेळाने झाडावर खार दिसली आणि त्यांनी चाप दाबला.

नळीत गाळाचा बुच बसला, की बाराच्या धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही. आतला दाब पोलादालाही पेलत नाही. नळीचं टोक केळीच्या सालीसारखं फाटलं. एक तुकडा धाकट्या भावाच्या टोपीची कड कापून गेला. बोटभर खाली असता तर डोळा गेला असता.

दोघं न बोलता होडी वल्हवत घरी आले. वडिलांनी मारलं नाही. त्यांनी ती टोपी टेबलावर ठेवली, शेजारी बंदूक ठेवली आणि दोन्ही मुलांना रात्रीचं जेवण त्याच टेबलावर करायला लावलं. पुढे वडिलांनी नळीचं फाटलेलं टोक कापून टाकलं आणि बंदूक वर्षभर कुलपात ठेवली. वाढदिवसाला ती परत मिळाली, सोबत एकच काडतूस. त्यानंतर कितीतरी दिवस नदीवर जाताना त्यांना एकच काडतूस मिळायचं.

१८ इंचांची रेघ

नळी आखूड झाली आणि बंदूक होडीत छान बसू लागली. मोठा चुलतभाऊ म्हणाला, आणखी कापू या, मग ती बैठकीखाली सरकेल. वडिलांनी मोजपट्टी आणली आणि नळीवर १८ इंचांवर बोट ठेवून सांगितलं की याच्या आत गेलो तर तुरुंग.

ही रेघ घरची नव्हती, सरकारची होती. आखूड नळीची बंदूक कोटाखाली लपते, म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या गुंडटोळ्यांना ती प्रिय होती. १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. १८ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा, कमी नळीच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली आणि २०० डॉलर कर बसला. त्या काळी ही रक्कम नव्या बंदुकीच्या कितीतरी पट होती. १९३९ साली मिलर नावाच्या माणसाचा असाच एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. २०२६पासून तो कर शून्य झाला आहे, पण परवानगी आणि नोंद अजूनही लागते. मुलासाठी दस्ता कापणारा बाप आणि नळी कापणारा गुंड यांच्यामध्ये कायद्याने अशी रेघ ओढून ठेवली आहे.

एकच बार

जाताना शेजाऱ्यांनी मला एक पुस्तक दिलं, आल्डो लिओपोल्ड यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’. रात्री मुलीने मला त्यातली काही पानं वाचून मराठीत सांगितली.

लिओपोल्ड १८८७ साली आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये जन्मले. मिसिसिपी नदीच्या काठावरचं गाव, सेंट लुईसच्या बरंच वर. लहानपणी त्यांनाही एकनळी बंदूक मिळाली. गोठलेल्या तळ्यात एका ठिकाणी पाणी मोकळं राहिलं होतं. एखादं बदक मागे राहिलं असेल तर ते इथे उतरेलच, असा अंदाज बांधून हा मुलगा दुपारभर थंडीत कुडकुडत बसला आणि सूर्य मावळताना त्याला त्याचं पहिलं बदक मिळालं. वडिलांनी बंदूक देताना अट घातली होती, फांदीवर बसलेल्या तित्तिराच्या जातीच्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही, उडत्यावरच टाकायचा. समोर बसलेलं सावज सोडून द्यायचं हा आपला नीतीचा पहिला धडा होता, असं त्यांनी लिहिलं आहे. हाच मुलगा पुढे अमेरिकेतल्या वन्यजीव संरक्षणाचा मोठा विचारवंत झाला. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झालं.

आपले सलीम अली आठवले. मुंबईत लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीनेच त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे नेलं. मात्र या दोन्ही मुलांच्या आसपास शिकवणारं, समजावणारं मोठं माणूस होतं, हे विसरून चालणार नाही.

आजोळच्या माडीवर

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक जुनी गोष्ट वर आली.

माझं आजोळ कोकणात. तिथे मामांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती माडीवर खुंटीला टांगलेली असे. कुलूप नाही, पेटी नाही. आम्हा मुलांना एवढंच बजावलेलं होतं, “हात लावायचा नाही.” एका मे महिन्यात दुपारी सगळे झोपले असताना आम्ही चौघं भावंडं माडीवर गेलो. चोर-पोलिसांचा खेळ रंगला. माझ्या मामेभावाने बंदूक काढली, माझ्या छातीवर रोखली आणि चाप दाबला. काहीच झालं नाही. आम्ही हसलो आणि बंदूक परत टांगून खाली आलो. संध्याकाळी मामा कुणाला तरी सांगत होते, काल रात्री रानडुकरांवर बार टाकला, परत भरायचा राहिला.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. सकाळी चहा घेताना मुलीला सांगितली. ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली.

आपल्याकडे काय?

भारतात बंदुकीच्या परवान्यासाठी वय २१ वर्षं पूर्ण लागतं. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची नळी परवान्याशिवाय आखूड करण्याला स्पष्ट बंदी आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारही बंद झाली. म्हणून नदीवर बंदूक घेऊन जाण्याच्या आठवणी आपल्याकडे आता आजोबा-पणजोबांच्याच. पण शेताच्या राखणीच्या, पहारेकऱ्यांच्या, वडिलोपार्जित बंदुका अनेक घरांत आजही आहेत आणि मुलं माडीवर चढायची थांबलेली नाहीत.

अमेरिकेत तर प्रश्न फारच मोठा आहे. २०२० साली तिथे १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बंदुकीने वाहन अपघातांनाही मागे टाकलं आणि ती पहिल्या क्रमांकाचं कारण ठरली. मिसुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचं शिक्षण घ्यावं लागतं. शेजाऱ्यांच्या नातीने अकराव्या वर्षी ते पूर्ण केलं. त्यातले नियम त्यांच्या वडिलांचेच आहेत : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा, नळीचं तोंड कुणाकडेही करू नका, बार टाकायचा नसेल तर बोट चापावर ठेवू नका, निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघा.

विचारायला लाजू नका

तुमची मुलं, सुना, नातवंडं परदेशात असतील किंवा इथेच कुणाच्या फार्महाउसवर, गावच्या वाड्यात सुट्टीला जाणार असतील, तर एवढं जरूर करा :

- मुलाला राहायला पाठवण्याआधी घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे विचारा. जेवणाच्या पथ्याइतक्या सहजपणे विचारा.
- घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था हाच सल्ला देते. किल्ली कुठे असते हे मुलांना माहीत नसावं.
- ‘हात लावू नको’ एवढ्यावर थांबू नका. बंदूक दिसली तर तिथून निघून यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे मुलाकडून वदवून घ्या.
- एअरगनला खेळणं समजू नका. तिनेही डोळा जातो.

शनिवारी नातू नदीवर गेला. रविवारी दुपारी परत आला तो भिजलेले बूट हातात घेऊन, नाक उन्हाने लाल झालेलं. होडी दोनदा वाळूत रुतली, मित्र पाण्यात पडला, कासव दिसलं, सगळं एका दमात सांगून झालं. मग म्हणाला, “आजी, तुझ्या नदीत कासवं होती का गं?”

“होती की,” मी म्हटलं आणि त्याला सांगडीची गोष्ट सांगायला बसले. माडीवरची गोष्ट तो थोडा मोठा झाला की सांगेन. सांगणार मात्र नक्की.