नेसायची की द्यायची?

कपड्यांचा हिशोब : लेखांक ५

साडीच्या दुकानात गादीवर टेकले, की चहाच्या आधी सेल्समनचा प्रश्न येतो : ‘नेसायची दाखवू की द्यायची?’ पुढे कोणते कपाट उघडायचे, ते या उत्तरावर ठरते. नेसायच्या साड्या एकेक करून उलगडल्या जातात, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिला जातो. द्यायच्या साड्या गठ्ठ्याने येतात. डिझाइन एकच, रंग आठ, प्रत्येक साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत. लग्नाच्या बस्त्यात नवरीच्या शालूला अख्खी दुपार पुरत नाही आणि मानपानाच्या चाळीस साड्या अर्ध्या तासात बांधून होतात.

बेफिकीर कपडेखरेदीचा विषय निघाला, की मोबाइलवर सेल धुंडाळणारी कॉलेजची पोरे डोळ्यांसमोर येतात. मागच्या लेखांकातही बोलणे त्यांच्याविषयीच होते. पण घरातली जाणती मंडळी हातात यादी धरून, पै-पैची घासाघीस करून जी खरेदी करतात, तिच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. खरे तर नेसलीच जाणार नाही हे देणारी आणि घेणारी दोघींनाही ठाऊक असलेली साडी विकत घेणे, यापेक्षा उधळपट्टीचा नमुना दुसरा सापडणे कठीण.

ती नेसली का जात नाही? आवडनिवड हे एक कारण झाले. दुसरे कारण निव्वळ हिशोबाचे आहे. समजा, साडी साडेतीनशे रुपयांची आहे. तिला फॉल लावायचा, पिको करायचा, ब्लाउज शिवून घ्यायचा. शहरात ब्लाउजची शिलाईच पुष्कळदा साडीच्या किमतीवर जाते. म्हणजे मान मिळालेल्या बाईने तो मान अंगावर मिरवायचा, तर पदरचे तेवढेच पैसे घालायचे. ती शहाणी असते. घडी न मोडता साडी कपाटात ठेवते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत घालते. चार कार्ये फिरून साडी मूळ मालकिणीकडेच परतल्याचे किस्से घरोघरी हसत सांगितले जातात. पुरुषांच्या बाजूला हीच गत शर्टपीस-पँटपीसची. तयार कपड्यांच्या जमान्यात शिंप्याकडे जाणारे कमी उरले, तरी ते डबे अजून छापले जातात, दिले जातात, माळ्यावर चढतात.

या फिरत्या साड्यांपैकी बहुतेक सुरतेच्या. धागा पॉलिएस्टरचा, म्हणजे मुळात खनिज तेलाचा. यंत्रमागावर कोरे कापड निघते. त्याला बाजारात ग्रे म्हणतात. ते प्रोसेस हाउसमध्ये रंगते, छापले जाते. पॉलिएस्टर साध्या गरम पाण्यात नीट रंग धरत नाही. त्याला दाबाखाली १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावे लागते, त्यासाठी बॉयलर धडधडत राहतात. मग लेस, टिकल्या, खडे. हे काम बरेचदा घरी बसून बायका करतात, नगावर मिळणाऱ्या मोजक्या पैशांत. मागावर उभा असलेला कामगार बहुधा ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, आणि शेडमधला खडखडाट असा की शेजारच्याशी खुणांनीच बोलायचे. साडेतीनशेला साडी कशी परवडते, याचे निम्मे उत्तर इथे मिळते.

तरीही सगळे खापर पॉलिएस्टरवर फोडणे सोपे असले, तरी रास्त नाही. शेतात निंदायला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईला हीच साडी सोयीची पडते. धुतली की तासाभरात वाळते, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो, दोन-चार वर्षे सहज निघतात. वापरून वापरून विटलेल्या पॉलिएस्टर साडीने पृथ्वीचे जेवढे नुकसान केले, त्याच्या बदल्यात निदान एका बाईची गरज तरी भागली. घडीही न मोडलेल्या साडीने काय भागवले? तेल, वीज, पाणी आणि कामगाराचे श्रम तिच्यातही तेवढेच गेले. शेवटी ती केव्हातरी कचऱ्यात फेकली जाणार आणि तिथे कुजणार नाही.

सुती साडीची गोष्ट वेगळी असते. ती जुनी झाली की मऊ होते, मग बाळाची दुपटी होतात, गोधडी होते, चिंध्या झाल्यावर गॅरेजवाला तेलाचे हात पुसायला घेतो. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे पुसायलाही त्याचा फारसा उपयोग नाही.

म्हणून मानपानाला हातमागाचीच साडी द्या, असा सल्ला ऐकू येतो. तो चांगला आहे, पण साडेतीनशेत बसणारा नाही. बसला तर शंका घ्यावी. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक विणकाम आणि त्याला जोडून येणाऱ्या कामांत आहेत. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची मिळकत पाच हजार रुपयांच्या आत. या माणसांकडूनच आणखी स्वस्त मागायचे, तर सुरतेच्या शेडवर टीका करण्याचा अधिकार राहत नाही. हिशोब बसवायचा तो नगांच्या संख्येत. चाळीस साड्या साडेतीनशेच्या म्हणजे चौदा हजार. त्याच पैशांत हजार-बाराशेच्या बारा सुती साड्या येतात. प्रश्न उरतो तो बाकीच्या अठ्ठावीस जणींचा. त्याकडे वळण्याआधी फसवणुकीविषयी थोडे सांगायला हवे.

हातमागाच्या नावाखाली यंत्रमागाचा माल विकला जातो, हे उघड गुपित आहे. काही वाण फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा. यंत्रमागवाल्यांनी त्याला आव्हान दिले आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. बाजारात मात्र नक्कल सुखाने नांदते. त्यामुळे ‘हँडलूम मार्क’ आहे का ते पाहावे. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ असतो. बिल मागावे, आणि बिलावर ‘हातमाग’ हा शब्द लिहून मागावा. तेवढ्यावरच अनेक दुकानदारांचा सूर बदलतो. पैठणी घेताना काठ-पदर उलटा करून पाहावा. हाताने विणलेल्या येवल्याच्या पैठणीत मोर आणि मुनिया मागूनही जवळपास तितक्याच रेखीव दिसतात. मागे सुट्या धाग्यांचे जंजाळ असेल, तर ती जॅकार्डवरची ‘सेमी’ समजावी. सेमी घेण्यात गुन्हा नाही, तिला अस्सलची किंमत मोजण्यात मात्र नुकसान आहे. कडेचा एखादा धागा दुकानदाराला विचारून जाळून पाहता येतो : सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो.

आता त्या अठ्ठावीस जणी. साडी देणाऱ्यालाही ती नकोशीच असते, पण ‘आमच्या मामींना साधी साडीसुद्धा नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकायची कुणाची तयारी नसते. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय एकच चालताना दिसतो : दोन्हीकडच्या मंडळींनी बैठकीतच, याद्या होण्याआधी, ठरवून टाकायचे. एकट्या मुलीकडच्यांनी मानपान आटोपता घेतला की तो अपमान ठरतो. दोघांनी मिळून ठरवले की पद्धत ठरते. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ अशीच रुळली. त्याही पलीकडे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात पहिला विवाह लावला तो नाममात्र खर्चात. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही, फक्त सोयीने विसरलेली आहे.

काहीतरी हातात ठेवायचेच असेल, तर फॉल-ब्लाउजचा खर्च न लावणारी वस्तू निवडावी : सुती पंचा, सोलापुरी चादर, खादीचा टॉवेल, किंवा सरळ पाकीट. जवळच्या चार-सहा जणींना साडीच द्यायची असेल, तर त्यांना दुकानात सोबत न्यावे किंवा फोटो पाठवून रंग विचारावा. स्वतः निवडलेली साडी बाई नेसते.

तुळशीच्या लग्नानंतर याद्यांना सुरुवात होईल. ज्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी बस्त्याला जाण्याआधी आपलेच कपाट उघडून घडी न मोडलेल्या साड्या मोजाव्यात आणि तो आकडा पहिल्याच बैठकीत व्याह्यांसमोर ठेवावा.

(पुढील लेखांकात : बोहारणीने नेलेली साडी कुठे जाते?)