पावसाची वही ग्रामसभेत

उधारीची वही दुकानदार ठेवतो, कर्जाची सोसायटीचा सेक्रेटरी ठेवतो, आणि घरातली कारभारीण तर सारा हिशेब तोंडीच सांगते. पण ज्याच्या जिवावर हे सगळे चालते, त्या पावसाची वही किती गावांत सापडेल?

शेतकरी बंधूंनो, पावसाची चाल बदलली आहे. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नद्या शिवारात शिरल्या, पिकांबरोबर मातीही घेऊन गेल्या. हवा तापली की ती बाष्प जास्त धरते. मग चार दिवसांत धो धो कोसळते आणि पुढे तीन-तीन आठवडे उघडीप. ही हवा काही सरपंचाचे ऐकायची नाही. पण पडलेल्या पाण्याचे काय करायचे, हे मात्र गावाच्या हातात आहे.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते करून दाखवले. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेलेले हे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानाने डोंगरावर चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याहून मोलाची गोष्ट मला वाटते ती तिथला पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की वर्षभराचा पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे मांडली जाते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यावर रब्बी ठरवायची. पाऊस कमी, तर गव्हाचा पेरा कमी. ज्वारी, हरभरा घ्या. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही.

गणित अवघड नाही. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा लाख लिटर पाणी पडले. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे तेवढ्याच पावसात साडेसत्त्याण्णव कोटी लिटरच्या वर. त्यातले काही उडून जाते, काही ओढ्याने जाते, काही मुरते.

अवघड आहे ते पुढचे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला "यंदा कांदा लावू नको" म्हणून सांगायचे कोणी? एकट्या सरपंचाने सांगितले तर भाऊबंदकी उभी राहते. आकडे सर्वांसमोर फळ्यावर असले, आणि सांगणाऱ्यानेही स्वतःचा कांदा सोडला, तर माणूस कुरकुरत का होईना, ऐकतो. आमच्या कित्येक पंचायतींना मात्र गावच्या वेशीवर कमान बांधण्याची भारी हौस. सिमेंटचा रस्ता करतात, त्यावरचे पाणी सुसाट ओढ्याला जाते, आणि उन्हाळ्यात टँकरसाठी अर्ज!

पैशाची सबब सर्वस्वी खरी नाही. २०१५ पासून वित्त आयोगाचा निधी पंचायतीकडे येतो आणि त्यासाठी गावाचा विकास आराखडा करावाच लागतो. बांधबंदिस्ती, विहीर पुनर्भरण, ओढ्यातला गाळ काढणे ही कामे त्यात बसवता येतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असे आपला कायदा सांगतो. ती कागदावर उरकू नका. कोणती विहीर आधी आटते आणि हंडा कुठून आणावा लागतो, हे भगिनींइतके कोणाला ठाऊक?

सुरुवात पर्जन्यमापकाने करावी. मंडळाच्या गावी पडला तो पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही. शाळेच्या उघड्या अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ते बसवावे. रोज सकाळी साडेआठला मोजून आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. सातवीची पोरे हे काम मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. दर महिन्याला गावातल्या चार ठरलेल्या विहिरींत दोर सोडून पाण्याची खोलीही त्याच वहीत टिपावी.