वाळूच्या मैदानावरील मिस्टी मे-ट्रेनर

व्हॉलीबॉलचा खेळ शाळेच्या पटांगणावर पुष्कळांनी पाहिलेला असतो. एका बाजूस सहा गडी, मध्ये जाळे, आणि एकाची चूक झाली तर ती सावरून घ्यावयास आणखी पाच जण उभे. हाच खेळ समुद्रकाठच्या वाळूवर गेला म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. तेथे एका बाजूस दोघेच. बदली गडी मिळत नाही. पाय मुरगळला तर तसेच खेळावयाचे, नाहीतर सामना सोडावयाचा. १६ मीटर लांब व ८ मीटर रुंद मैदानाचा आपला अर्धा भाग दोघांनीच राखावयाचा, आणि पाऊल तर दर वेळी वाळूत रुतते. अशा खेळात अमेरिकेच्या मिस्टी मे-ट्रेनरने लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली.

तिचा जन्म १९७७ साली लॉस एंजेलिस येथे झाला. वडील बुच मे हे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या व्हॉलीबॉल संघातून खेळलेले, आई टेनिसपटू. सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांचे सामने पाहतच ही मुलगी वाढली. पुढे लाँग बीच येथील विद्यापीठाच्या सहा जणींच्या संघात चेंडू उचलून देण्याचे काम तिच्याकडे आले. १९९८ साली त्या संघाने ३६ सामने खेळले, ते सर्व जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्यानंतर ती वाळूकडे वळली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हॉली मॅकपीकच्या जोडीने तिला पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

२००१ पासून केरी वॉल्श तिची जोडीदार झाली. वॉल्श सहा फुटांहून उंच. मिस्टी पावणेसहा फूट. उंचीचा हा फरक त्यांना उपयोगीच पडला. वॉल्शने जाळ्याशी उभे राहून हात उंचावून चेंडू अडवावयाचा, आणि तिच्या हातांच्या आडोशातून निसटलेला चेंडू मिस्टीने मागे धावून वाळूवर पडण्यापूर्वी उचलावयाचा, अशी वाटणी ठरली. जाळ्याशी असलेली खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांनी खुणा करते. एक बोट म्हणजे सरळ रेषेतला फटका अडविणार, दोन बोटे म्हणजे तिरपा. डाव्या हाताची खूण समोरच्या डाव्या खेळाडूसाठी, उजव्याची उजवीसाठी. मागची खेळाडू त्यावरून उरलेली जागा राखते. खूण चुकीची वाचली तर अर्धे मैदान मोकळे पडते. मिस्टीच्या काळी सामना चालू असता प्रशिक्षकाला बाहेरून सूचना देण्याचीही मुभा नव्हती. जे काही ठरवावयाचे ते दोघींनीच, दोन गुणांमधल्या काही क्षणांत. प्रेक्षकांना दिसते ती वॉल्शची उंच उडी. मिस्टीची धाव त्या उडीपूर्वीच सुरू झालेली असे.

२००२ साली तिची आई कर्करोगाने वारली. पुढल्याच वर्षी या जोडीने जागतिक विजेतेपद मिळविले. २००५ व २००७ सालीही ते त्यांच्याकडेच राहिले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपूर्वी मिस्टीच्या पोटाचा स्नायू दुखावला होता. तरीही अंतिम सामन्यात ब्राझीलच्या आद्रियाना बेहार व शेल्डा या मातब्बर जोडीला नमवून दोघींनी एकही सेट न गमावता सुवर्णपदक मिळविले. सामना संपल्यावर मिस्टीने सोबत आणलेली आईची रक्षा त्या वाळूवर शिंपडली.

ऑगस्ट २००७ ते ऑगस्ट २००८ या वर्षभरात या जोडीने लागोपाठ ११२ सामने जिंकले. त्यांतच बीजिंग ऑलिंपिकचा अंतिम सामना येतो. भर पावसात त्यांनी चीनच्या जोडीला २१-१८, २१-१८ असे हरविले. बीजिंगनंतर थोड्याच दिवसांत निकोल ब्रॅनाघ व इलेन यंग्ज या देशभगिनींनी ही मालिका खंडित केली, आणि ऑक्टोबरमध्ये तर एका दूरचित्रवाणी नृत्यस्पर्धेच्या सरावात मिस्टीच्या टाचेवरची शीर तुटली. वाळूने जे केले नाही ते नाचाने केले! शस्त्रक्रिया झाली, वॉल्शही मातृत्वामुळे काही काळ खेळापासून दूर राहिली. २०११ मध्ये दोघी पुन्हा एकत्र आल्या, पण त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलच्या जोडीपुढे त्यांना दुसऱ्या क्रमांकावर राहावे लागले.

लंडनला २०१२ साली त्या गेल्या तेव्हा मिस्टी पस्तिशीची होती आणि ही आपली अखेरची ऑलिंपिक स्पर्धा हे तिने ठरविले होते. प्राथमिक फेरीत ऑस्ट्रियाच्या श्वाइगर भगिनींनी पहिला सेट घेतला. ऑलिंपिकमध्ये या जोडीने गमावलेला तो पहिला सेट, आणि शेवटचाही. तीन स्पर्धांतील २१ सामने त्यांनी जिंकले ते ४३ पैकी ४२ सेट घेऊन. अंतिम सामन्यात समोर अमेरिकेच्याच जेनिफर केसी व एप्रिल रॉस होत्या. २१-१६, २१-१६ असा निकाल लागला आणि मिस्टीने निरोप घेतला.

वॉल्श मात्र खेळत राहिली. ऑलिंपिकच्या वाळूवर तिचा पहिला पराभव झाला तो २०१६ साली रिओ येथे, उपान्त्य सामन्यात. त्या वेळी मिस्टीच्या जागी उभी होती लंडनला हरलेली एप्रिल रॉस. दोघींनी तेथे कांस्यपदक मिळविले.