जॅकवर किती विश्वास ठेवायचा?

अनुमानावरचं मागचं व्याख्यान संपलं तेव्हा अकोल्याच्या एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?" मी विचारलं, गाडीचं ऑइल घरीच बदलतोस ना? म्हणाला, हो. जॅक लावून खाली शिरतोस? हो. आणि दुसरा टेका? तर म्हणे, "काही गरज नाही सर, जॅक आजवर कधी घसरला नाही."

तर मित्रहो, आजचा विषय हाच.

"आजवर घसरला नाही, म्हणून आज घसरणार नाही." चार्वाकांनी बोट ठेवलं ते नेमकं इथेच. धूर आणि अग्नी शंभरदा बरोबर दिसले, पण एकशे एकाव्या वेळेची हमी कोणी दिली? पुढे ह्यूमने (१७११–१७७६) युरोपात हाच प्रश्न विचारला. वर्गात हा वाद चहाबरोबर संपतो. गाडीखाली मात्र तो छातीवर येतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. अमरावतीला माझ्याकडे मारुती ८०० होती, जेमतेम साडेसहाशे किलोची. अंगणात नुसत्या जॅकवर उचलली अन् खाली शिरलो. चेंबरचा नट काही हलेना, म्हणून मोठा पान्हा आणायला घरात गेलो. परत येतो तर गाडी खाली बसलेली. आवाजसुद्धा फारसा झाला नव्हता. आमच्या सौ. दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

जॅक धडधाकट होता. दगा दिला जमिनीने. आपल्या वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या फरशीखाली पोकळी होते. तळहाताएवढ्या बुडावर गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन आलं, फरशी तडकली, जॅक कलला. म्हणून काँक्रीटची सपाट जागा बघा. गट्टू किंवा फरशी असेल तर खाली जाड, रुंद फळी टाका. कच्च्या अंगणात हे काम करूच नका. चाकांचा जॅक उचलताना थोडा पुढेमागे सरकावाच लागतो. मातीत त्याची चाकं रुततात आणि वरचं डोकं निसटतं.

गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. मग हायड्रॉलिक? त्यामागचा नियम पास्कलचा (१६२३–१६६२). ईश्वर आहे की नाही यावर पैज लावणारा तो हाच, आपण त्याला तेवढ्यासाठीच वाचतो! पण या जॅकमधलं तेल अडवून धरतं ते रबराचं एक कडं. ते फाटलं की गाडी खाली. पास्कल स्वतः अशी पैज लावता ना.

तेव्हा जॅक उचलण्यासाठी; तोलून धरायला लोखंडी स्टँड, एक नव्हे, दोन. विटा लावू नका. वीट वाकत नाही, एकदम फुटते.

आता हँडब्रेक. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांना धरतो. ऑइलसाठी आपण गाडी पुढून उचलतो, म्हणजे तो कामाचा; पण इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर ती हवेत गेल्यावर गिअरचा काही उपयोग नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे घाला. मागून उचलली तर हिशेब उलटा : हँडब्रेक निकामी, ठोकळे पुढच्या चाकांना.

जॅक चेंबरला लावायचा नाही, पत्रा चेपतो. कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह असतं. स्टँड लावले, गाडी हळूच त्यांवर टेकवली, की बाहेर उभं राहून तिला दोन्ही हातांनी चांगली हलवा. हलायची असेल तर तेव्हाच हलू द्या. जॅकही थोडा टेकवून तसाच ठेवा. आणि घरात कोणी नसताना खाली शिरू नका. लेकरांना मात्र लांब ठेवा.

पुढचं सोपं आहे. ऑइल कोमट असू द्या, उकळतं नको. नटाचा वायसर नवा घाला. डिपस्टिक बघायची ती गाडी उतरवून, सपाट जागेवर.

जुनं ऑइल पुष्कळ जण कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावतात, उरलेलं तिथेच ओततात. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि अंगणातच आपली बोअर असते. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो पुढे पाठवतो का, तेही विचारा.