गाडी उंच करावी का?

परभणीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पिकअप रुतली, की ‘कमानपाटे वाढवून उंच करू’ असे सुचते. पण त्याने उचलला जातो फक्त वरचा सांगाडा. मागच्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो मोठ्या चाकांनी. म्हणून आधी काय टेकते ते पाहू.

शिवाय गुरुत्वमध्य चढतो. सोयीसाठी आम्ही चाकांमधले अंतर १४० सेंमी आणि गुरुत्वमध्याची उंची १०० सेंमी धरली. कमानी दबत नाहीत असे मानले. गाडी सुमारे ३५ अंश कलल्यावर उलटेल. गुरुत्वमध्य १० सेंमी चढला, तर साडेबत्तीसलाच. कापूस उंच रचला, तर आणखी लवकर.

काडेपेटी फळीवर आडवी, मग उभी ठेवा. घसरू नये म्हणून खाली पट्टी चिकटवा. फळी हळूहळू तिरकी करा. कोणती आधी पडते?